खंडेनवमीला घासलेली प्लेट

“आधी बंदूक, मग हात,” मल्हारी येताजाता म्हणायचा.

ही बंदूक म्हणजे तापमान बघायचं यंत्र. तापल्या लोखंडातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात; बंदूक ते लांबूनच टिपते आणि आकडा दाखवते. मेंढरांमागं वाढलेला मल्हारी चितेगावच्या रबराच्या कारखान्यात लागला आणि ती त्याच्या हाती आली. रबर चिकटलं की मशीन थांबवायचं, मल्हारीनं रबर दाबणाऱ्या तापलेल्या प्लेटीवर बंदूक रोखायची, आकडा खाली आला की मान हलवायची. त्यानं मान हलवल्याशिवाय आत कुणी हात घालत नसे. या गोष्टीचा त्याला ताठा होता, आणि तो त्याला शोभायचा.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुजतात. ज्याचं यंत्र त्यानं उजळायचं. त्या वर्षी मल्हारीनं काळीकुट्ट प्लेट पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली.

“मशीनीला नवरी म्हणून उजवायची का काय?” त्याचा साडू कडूबा हसला. दोघं एकाच मशीनीवर होते.

“तुझ्या लग्नात तुझं थोबाड एवढं चकाकलं नव्हतं.”

दसरा झाला. काम सुरू झालं आणि दुपारी रबर चिकटलं. मल्हारीनं बंदूक रोखली. आकडा अगदी खाली होता.

“इतक्यात गार?” कडूबानं विचारलं.

“बंदूक खोटं बोलती व्हय? घाल हात.”

कडूबानं तळवा टेकवला. त्याची किंकाळी पार रस्त्यापर्यंत गेली.

दुरुस्तीवाल्यानं बंदूक तपासली. ती चांगली होती. तो म्हणाला, चकचकीत लोखंड किरण फार थोडे सोडतं, म्हणून ते तापलेलं असूनही बंदुकीला गार दिसतं. काजळी होती तोवर आकडा खरा होता. ती काजळी मल्हारीनंच घासून काढली होती, देवाचं काम म्हणून.

कडूबाची बोटं आखडली. मूठ वळेना. घर चालायला हवं, म्हणून त्याची बायको सरूबाई त्याच्या जागी लागली.

मुकादम बद्रीनाथनं प्लेटीला काळा रंग दिला आणि बंदूक पुन्हा मल्हारीच्या हाती ठेवली. “आता आकडा बरोबर येतो. लई मनावर घेऊ नको.”

रबर चिकटलं. मशीन थांबलं. मल्हारीनं बंदूक रोखली. आकडा खाली आला होता. सरूबाईनं बाही मागं सारली.

“घालू का हात, दाजी?”

मल्हारीची मान हलेना.

“सांगा की. तुमच्याच शब्दावर थांबलेय.”

त्यानं बंदूक ओट्यावर ठेवली आणि फाटकाकडं चालू लागला. बद्रीनाथ हाका मारत राहिला.  सरूबाई उघडा हात तसाच धरून, पैठण रस्त्यावर मल्हारी दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.