उलटे चालणारे जीव

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, अन् तोही ओहोटीला. तरी गेली चार वर्षं संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत बसून मी दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राचा अभ्यास करते. हसायचं असेल तर हसा. घरच्यांचं हसून झालंय. तिथं खोल पाण्यात एक यंत्र नांगरून ठेवलंय. ते वरच्या दिशेनं आवाज सोडतं, परत आलेला प्रतिध्वनी टिपतं आणि त्याच्या फाइली माझ्यापर्यंत येतात. त्यात दिसतात ते प्राणिप्लवक, नखाहून बारीक जीव. अंधार पडला की ते वर येऊन शेवाळ खातात, उजाडलं की माशांच्या नजरेस पडू नयेत म्हणून खोल जातात. वर्षातले जे महिने तिथं दिवस-रात्र होते, तेव्हा रोज हेच.

प्रयोगशाळेत मी एकटीच असते. मार्गदर्शक आठवड्यातून एकदा येतात, "चालू द्या" म्हणतात अन् जातात. सोबतच्या मुली केव्हाच नोकरीला लागल्या. कधी कधी दिवसभर तोंडातून एक शब्द निघायचा नाही. संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायला गेले की आवाज घोगरा यायचा.

फुलंब्रीला बाबा एकटे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आई होती तोवर फोन तीच करायची. ती गेल्यावर बाबा करू लागले, आठवड्यातून एकदा. "जेवली का?" "जेवले." "बरं, ठेवतो." संपलं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या हिवाळ्यात, सगळ्या फाइली साफ करून झाल्यावर, पहिल्यांदाच वेळेनुसार आलेख काढला आणि त्यात ते जीव उलटे चालताना दिसले. दुपारी वर, मध्यरात्री खाली. असं उलटं चालणं कुठं कुठं आढळतं, पण या समुद्रात ते कुणाला दिसल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. सांगणार कुणाला? मी बाबांना फोन लावला.

"उलटे?" बाबा म्हणाले. "मग मासे नाय खात त्यायला?"

"तेच तर शोधायचंय."

दुसऱ्या दिवशी बरोब्बर पाच वाजता त्यांचा फोन. "आज आले का वर?" मग रोजच. मी त्या दिवशी तपासलेली फाइल सांगायचे. ते मासे केवढे, बर्फ किती जाड, असलं विचारत राहायचे. "लई बेरके हैत तुझे किडे," म्हणायचे. पोरीनं शोध लावला, हे चहाच्या हॉटेलात त्यांनी कधीच सांगून टाकलं होतं. दोन महिने मी पाच वाजायची वाट चारपासूनच बघायचे.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "मला एक सांग. घड्याळ कुठलं धरलं? आमचं डेपोचं अन् स्टँडचं घड्याळ दोन मिनिटं मागंपुढं असलं तरी भांडणं व्हायची. हा समुद्र तर दुनियेच्या पार तिकडं."

"ते सगळं आधीच करून दिलंय, बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

"व्हय, आपल्याला काय कळतंय," ते म्हणाले.

माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं 'वेळा तिथल्या स्थानिक' असं लिहून ठेवलं होतं आणि मी ती काळ्या दगडावरची रेघ मानली होती. त्या दिवशी पहिल्यांदा यंत्राचा मूळ तपशील उघडला. घड्याळ इंग्लंडातल्या ग्रीनिचच्या वेळेचं होतं. आणि तो समुद्र पृथ्वीच्या गोलावर ग्रीनिचच्या नेमका पाठीमागं. ग्रीनिचला दुपार तेव्हा तिथं मध्यरात्र. माझे जीव शहाण्यासारखे अंधारातच वर येत होते. मी संगणक बंद केला आणि रडले, शोधासाठी थोडी, पाच वाजताच्या फोनसाठी जास्त.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, बसनं फुलंब्रीला गेले. बाबा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. सगळं सांगितलं, त्यांच्या प्रश्नानंच चूक सापडली, हेही.

"म्हणजे ते नीटच चालतात?"

"नीटच."

"मी उगंच विचारलं म्हणायचं." त्यांनी टरफलं गोळा केली. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग आता रोज फोन कशाला करायचा."

'करा ना,' एवढंच म्हणायचं होतं. चहा पिऊन मी परतीची बस धरली.

सोमवारी पाच वाजले, सव्वापाच झाले. फोन वाजला नाही. साडेपाचला मीच लावला.

"काय झालं?" बाबा घाबरून म्हणाले.

"काही नाही."

"काही नाय?"

"नाही. असाच केला."

पलीकडं शेंगा फोडल्याचा आवाज सुरू झाला. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.