सज्जाचा एकच जिना

जिन्याच्या तळाचं दार बाहेरून लावलेलं होतं आणि धूर पायऱ्यांवरून वर येत होता. सभागृहाच्या वरच्या सज्जात आम्ही तीसेक बायका, शिवाय लेकरं. खाली लग्नाची वाजंत्री जोरात चाललेली. माझी जाऊ जिना उतरून दार बडवत होती, पण ऐकतं कोण? माझी तीन वर्षांची मुलगी कडेवर खोकत होती. तिला कुठून बाहेर काढू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शहाद्याचं हे सभागृह साठ सालानंतर बांधलं. लोकांना एकाच इमारतीत सगळं हवं होतं: लग्नं, कीर्तन, नाटक, वाचनालय, बायकांचा शिवणवर्ग. नकाशाला धुळ्याहून इंजिनिअर आणला. सासरे कमिटीत होते, त्यामुळे नकाशा आमच्याच ओसरीवर खाटेवर पसरला. चहा द्यायला गेले तेव्हा मी तो वाचला. चौथीपर्यंत शिकले होते, तेवढं येत होतं. सज्जाला दोन जिने होते, एक सभागृहातून, एक बाहेर गल्लीतून. आतला जिना पुरुषांच्या मधून वर जाई. सासऱ्यांनी त्यावर पेन्सिलीने फुली मारली.

"आमन्या बाया काय मानसेसना मझारतीन चढतीन? काढी टाका."

"अण्णा, गर्दीच्या जागेला दोन वाटा लागतात," इंजिनिअर म्हणाला.

"लागतीन शहरमा. आठे नई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन्ही ऱ्हाऊ द्या ना, मामा."

"चौथी शिकनी म्हणजे तू इंजिनेर व्हयनी का? चहा ठेव आन् जाय."

सगळे हसले. इंजिनिअरही हसला आणि त्याने नकाशा बदलून दिला.

पुढे बाहेरचा जिना चढताना गल्लीतून पोटऱ्या दिसतात म्हणून त्याला दोन्हीकडून भिंती घातल्या. टारगट पोरं वर जातात म्हणून खाली दार बसवलं, कडी बाहेरून. बायका वर गेल्या की कोणीतरी कडी घाली आणि लग्न लागलं की काढी. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

वाचनालयाची खोली जिन्याला लागून होती. पुस्तकं आलीच नाहीत. हंगामात रिकामी खोली आमच्या लोकांना बघवत नाही, त्यांनी तिथे कापूस भरला. लग्न माघातलं होतं, दुपारचं. मागच्या अंगाला आचाऱ्यांच्या भट्ट्या पेटलेल्या. ठिणगी खिडकीतून गेली असावी. पाहिलं कोणीच नाही.

आमची तोंडं दिसू नयेत म्हणून सज्जाला समोरून लाकडी जाळी होती. मी बसायचा पाट उचलला आणि ती फोडली. तेव्हा कुठे खालचे पुरुष वर बघू लागले आणि वाजंत्री थांबली. मी लुगडं सोडलं. मी आत परकर घालायचे, सासूच्या वयाच्या बायका घालत नसत.

सासू ओरडली, "आवं, लाज शे का नई तुले? सासरा खाले उभा शे!"

"उभा शे ते बरं शे. पोर झेली."

लुगड्याला बांधून मुलगी खाली सोडली. सासऱ्यांनीच तिला धरलं. मग बाकीच्या परकरवाल्यांनीही लुगडी सोडली. आधी लेकरं, मग बायका. सासू काही लुगडं सोडेना. मग माझं लुगडं तिच्या काखेतून बांधलं आणि तिला नेसत्या लुगड्यानिशी उतरवलं. खाली पोचेपर्यंत ती मला शिव्या देत होती.

जावेला मी तीनदा हाक मारली. तिला सातवा महिना होता. "उघडतीन, आते उघडतीन," एवढंच ती म्हणायची. चौथ्या हाकेला ओ आली नाही. माणसं गल्लीतून दाराकडे धावली होती, पण कापसाची आग त्याच अंगाला होती, कडीपर्यंत कोणाला जाता आलं नाही.

पुढच्या साली आतला जिना बांधला. लग्नं तिथेच होत राहिली. मीही जात राहिले, गावात दुसरी जागा नव्हती.

सज्जातली सगळी लेकरं जगली. एक सोडून सगळ्या बायका जगल्या. माझी मुलगी जगली, सासू जगली, मी जगले. जाऊ आणि तिच्या पोटातलं जगलं नाही.