पाद्रीच्या आधी येणारी पेटी

नावं ठेवायला मोम्पोस गावच्या लोकांना शिकवावं लागत नाही. यादिरा आर्रिएताने भंगारातल्या प्रिंटरची मोटर, आटे पाडलेली सळई आणि एक प्लास्टिकचा डबा एवढ्यातून आपोआप औषध टोचणारं यंत्र बनवलं. मोटर फिरली की सिरिंजचा दट्ट्या हळूहळू पुढे सरकायचा आणि दुखणं थांबवणारं मॉर्फीन थेंबाथेंबाने अंगात जायचं. बाहेरून येणाऱ्या एका यंत्राच्या किमतीत अशी वीस झाली असती. बाराँकिया शहरात शिकलेली पोरगी, तिथली नोकरी सोडून गावच्या दवाखान्यासाठी राबली. आणि गावाने यंत्राला नाव काय दिलं? ‘पाद्रीच्या आधी येणारी पेटी’! मरणाऱ्यासाठी शेवटची प्रार्थना म्हणायला पाद्री येतो, त्याच्याही आधी ही हजर.

खरी चूक डॉक्टरांची. एकटी यादिरा बनवणार, यंत्रं मोजकी, म्हणून ते अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्यालाच द्यायचे. यादिरा कानीकपाळी ओरडायची, “दुखायला लागलं की लगेच द्या हो, डॉक्टर!” ते मान डोलवायचे आणि आपलंच खरं करायचे. मग काय, पेटी ज्या घरात गेली तिथला माणूस आठवड्यात कबरीत. गावाने हिशेब लावून टाकला.

मग तिच्या आईच्या, एर्मेलिंदाच्या, हाडांत कॅन्सर उतरला. जन्मभर चीज विकून घर चालवलेली, तोंडाने फटकळ बाई. यादिराने नवं यंत्र खास तिच्यासाठी बनवलं.

“काढ ते डबडं डोळ्यांसमोरून,” आई म्हणाली. “दारात दिसलं की ती शेजारची ओतिलिया मयताला येणाऱ्यांच्या कॉफीचं आधण ठेवेल.”

“आई, हे फक्त दुखणं थांबवतं गं.”

“हो का? मग ह्यातून उठलेला एक तरी दाखव.”

यादिराने यंत्र उचलून कपाटात ठेवलं.

शेवटी एका रविवारी आईच विव्हळत म्हणाली, “लाव बाई, लाव एकदाचं. मरण परवडलं!” यादिराने सुई टोचली, यंत्र सुरू केलं. थोड्या वेळाने आईच्या आवळलेल्या मुठी सुटल्या, ती घोरायला लागली. यादिरा भिंतीला टेकून आनंदाने रडली. संध्याकाळी आईने डोळे उघडले आणि चक्क तळलेला मासा मागितला. यादिरा स्वयंपाकघरात धावली.

तिथेच घात झाला. शेजारच्या ओतिलियाला खिडकीतून पेटी दिसली होती. खुर्च्या, कॉफीची किटली आणि जपमाळा घेतलेल्या बायका घेऊन ती आत शिरली. “एर्मे, घाबरू नकोस गं, आम्ही आहोत,” म्हणत तिने गळाच काढला.

यादिरा ताट घेऊन आली तर सुई जमिनीवर पडलेली. आईने स्वतः उपसली होती.

“फसवलंस मला,” आई म्हणाली. “म्हणे, फक्त दुखणं थांबवतं! पोटच्या पोरीने फसवलं.”

यादिराने बायकांना हाकललं, आईच्या हातापाया पडली. आईने पुन्हा काही सुई टोचू दिली नाही.

त्यानंतर ती दोन महिने जगली. तिच्या किंकाळ्या नदीच्या काठापर्यंत जायच्या.

मयताला सगळा गाव जमला. ओतिलिया कपात कॉफी ओतत ज्याला त्याला सांगत होती, “बघितलंत? पेटी काढली म्हणून दोन महिने जास्त मिळाले. नशीबवान गं माझी एर्मे!” डॉक्टरही तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलवली.

“नशीबवान?” यादिरा म्हणाली. “ओतिलियामावशी, ती ओरडायला लागली की तुम्ही खिडक्या लावून घ्यायचात.”

मागून कुणीतरी साखर मागितली.