सिंदीच्या बाजारातली जुळी वांगी

सिंदीच्या आठवडी बाजारावर अणुबॉम्ब टाकणारा माणूस मी. तेव्हा वय वर्षे वीस, डोक्यावर हा एवढा केसांचा कोंबडा, आणि आवाज असा की भोंगेवाल्यानं उपाशी मरावं.

त्या साली उन्हाळ्यात आपल्या सरकारनं वाळवंटात जमिनीखाली अणुस्फोट करून पाहिला होता आणि लोकांनी पेढे वाटले होते. वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या गुरुजींना ते पेढे फार कडू लागले. त्यांनी जपानमधल्या अणुबॉम्बनं जळालेल्या शहराचे फोटो पुठ्ठ्यांवर चिकटवले आणि हिवाळ्यात बाजारोबाजारी दोरीला टांगून लोकांना समजावून सांगायचं काम मला दिलं. का, तर मी कॉलेजच्या नाटकात मेलो होतो तेव्हा प्रेक्षक रडले होते.

फोटो खरोखर भयंकर होते. दगडी पायरीवर माणसाची नुसती सावली, माणूस नाही. एका बाईच्या पाठीवर तिच्याच कपड्याची नक्षी भाजून उमटलेली. आणि एक पाच-सहा वर्षांचं पोर, पाठ सोललेली, मान वळवून आपल्याकडे बघणारं. गुरुजींनी मला नीट पढवलं होतं. ज्यांना ओरखडाही उमटला नव्हता त्यांचे केस पंधरा दिवसांनी झडले, हिरड्यांतून रक्त आलं. आपली माणसं शोधायला मागाहून शहरात गेलेलेही आजारी पडले. काळा पाऊस पडला. पोटातली काही लेकरं लहान डोक्याची जन्मली.

मी हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं आणि सिंदीकरांनी ते भजी खात ऐकलं. एकानं तर त्या पोराच्या फोटोकडं बघत शेजाऱ्याला विचारलं, "काऊन गा, यंदा कापसाले काय भाव लागन?"

माझं डोकं फिरलं. थांबा लेको, म्हटलं, तुमची भजी घशात अडकवतो. मी आवाज खाली आणला, डोळे मोठे केले. "आणि ती विषारी धूळ वाऱ्यानं दूर दूर गेली. जिथं पडली तिथं पुढं वांगी आली. कशी? एकाला एक चिकटलेली! ज्यानं खाल्ली, त्याचे केस गेले!"

भजी हातातच राहिली. आहाहा, काय ती शांतता! आजही आठवली की अंगावर मूठभर मांस चढतं. वांग्यांचं गुरुजींनी काहीच सांगितलं नव्हतं. ते मी जागच्या जागी पिकवलं होतं.

मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, जुळे वांगे तर त्या बुढीच्या टोपल्यात हायेत!"

ती म्हणजे आमच्याच गावची, हिंगणीची, माझी शेजारीण. मी तिला काकी म्हणायचो. जुळं वांगं आमच्याकडं आधीच बदनाम. नव्या सुनेला वाढत नाहीत, जुळी होतात म्हणतात. म्हणून माळवं, म्हणजे भाजीपाला, करणारे ती वेचून बैलापुढं टाकतात. त्या दिवशी काकीच्या टोपल्यात दोन चुकून राहिली होती. आणि उन्हाळ्यात वावटळी कोणत्या गावात उठल्या नव्हत्या? लोकांनी हिशोब जुळवला: वाळवंटातली धूळ हिंगणीत, हिंगणीची वांगी सिंदीत. पलीकडच्या माळव्यावाल्यानं संधी साधली. "बाँबचे वांगे घ्या वो, बाँबचे! खा आन टकले व्हा!"

काकीनं त्या साली भाजीच्या अख्ख्या वाडीत वांग्यांशिवाय दुसरं काही लावलं नव्हतं. पुढच्या बाजारी तिचं एक वांगं गेलं नाही. झाडाला वांगी पिवळी पडू लागली. त्याच्या पुढच्या बाजाराच्या सकाळी ती आमच्या दारात उभी.

"बाहेर नीघ, मुडद्या!"

"काकी, मी फक्त..."

"माही वाडी बुडवून राह्यला तू! चाल सिंदीले. जे बोंबललास ते गिळजो तिथं."

आईनं मला वाचवलं नाही. उलट चप्पल आणून दिली.

बाजारात काकीनं मला टोपल्यापुढं उभं केलं आणि सगळ्यात मोठं जुळं वांगं हातात दिलं. कच्चं. मी खाल्लं. कडू, बिया दातात, घसा खवखवतोय, आणि भोवती माणसांचं कडं. मी शेवटचा घास गिळताच एका आजोबांनी माझ्या केसांचा झुपका धरून ओढला.

"पक्के हायेत बाप्पा."

"पंधरा दिवस लागते ना पण?" दुसरा म्हणाला. "यानंच सांगतलं होतं."

काकीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "सांग खरं!"

मी हात जोडले. "वांग्यांचं मी मनानं लावलं होतं. खोटं होतं."

बाजार जो हसला! टोपलं दुपारच्या आत रिकामं झालं. मीही हसलो. सुटलो ना!

पुढचा बाजार खुद्द हिंगणीचा. मी दोरी बांधली, फोटो टांगले आणि पायरीवरच्या सावलीपासून सुरुवात केली. मागून आवाज आला, "ते वांग्याचं सांग ना बे!" मी केस झडल्याचं सांगितलं, लोक एकमेकांचे केस ओढू लागले. मी काळ्या पावसाचं सांगितलं, कुणीतरी छत्री मागितली. शेवटी त्या पोराच्या फोटोपाशी आलो.

"हेबी मनानंच लावलं अशीन यानं," एक जण म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले. त्या सोललेल्या पाठीसमोर, तोंडात पान घेऊन. आठवडाभरापूर्वी मी त्यांना हसायला मोकळं केलं होतं. मला त्यांच्या दातांचा राग आला, माझ्या जिभेचा त्याहून जास्त. मी गुरुजींनी शिकवलेली वाक्यं ओरडून ओरडून पुन्हा म्हटली. जितका जोरात ओरडलो तितकं ते नाटक वाटलं.

काकी चार हातांवर बसली होती. तिच्याभोवती गिऱ्हाइकांची दाटी. गावात तिचा शब्द कुणी मोडत नसे. मी धावत गेलो.

"काकी, तुम्ही सांगा यांना. वांगी खोटी होती, पण हे पोर खरं आहे. शपथ घेतो."

तिनं फोटोकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"माहे वांगे खपले," ती म्हणाली. "तुहे फोटू तू खपव."

आणि तिनं पुढच्या गिऱ्हाइकासाठी तराजू उचलला. लोक हसतच होते. मी परत गेलो आणि सगळ्यात आधी त्या पोराचा फोटो उतरवला.