गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याची म्हातारी

डिसेंबर १९८३, मंगळवार, अंधेरी. हजर: मी आणि मैत्रीण सुलभा.

गिल्बर्ट टेकडीच्या दगडी पायऱ्यांपाशी एका म्हातारीने आम्हांला अडवलं. हातातला नारळ ती पदराने सारखा पुसत होती.

"वरच्या देवीची एवढी ओटी भरा गं. मी कुठल्या तोंडानं वर जाऊ? माझा लेक तिच्याच पायाखालचा दगड फोडायचा. सुरुंगात गेला. सून पोटुशी आहे."

"मावशी, देवी पोटातल्या बाळावर कशाला रागवेल?" सुलभा म्हणाली.

"तूच विचारून ये."

वर देवळात सुलभाने ओटी भरली. तेवढ्यात खाली खाणीत सुरुंगाची शिट्टी झाली. धुरळा बसल्यावर आम्ही उतरलो, तर रखवालदाराने सगळ्यांना हाकलून पायथा रिकामा केला होता.

नंतरही आम्ही मंगळवारी जात राहिलो, पण म्हातारी पुन्हा भेटली नाही. देवी रागावलेली नाही, एवढं तिला सांगायचं अजून राहिलं आहे.