टेकाडावरची काळी जमीन

साहेबराव उठता-बसता एकच सांगायचे, "आपली जमीन म्हंजी निव्वळ लोणी." आता केदारखेड्याच्या शिवेला लागून असलेल्या त्यांच्या गावात कुणालाही विचारा, साहेबरावांचं वावर टेकाडावर आणि टेकाडावर मुरूम. वीतभर खाली कुदळ गेली की खणकन वाजायची. पण गडी बेरकी. दर उन्हाळ्यात तळ्यातला काळा गाळ गाड्या भरभरून आणायचा, वर पसरायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा, "बघा, कशी डोळ्यात भरती!" भरायचीच. पाऊस उघडला की त्या लोण्यावरची तूर माना टाकायची, पण तोवर रस्त्यानं जाणारा घरी पोचलेला असायचा.

शहाऐंशी साली हा तोरा अंगाशी यायला लागला. थोरल्या वसंताची सोयरीक परतूरच्या रामकिसनरावांच्या कौसल्येशी जमत आली होती. आपल्याकडे पोरगी देताना आधी जमीन बघतात, पोराचं तोंड त्यानंतर. रामकिसनराव माणूस गोड, पण सहजासहजी हाताला लागणारा नव्हे. त्यांनी वावरातलं ढेकूळ उचललं, चुरडलं आणि म्हणाले, "वरून तर झ्याक हाय. पण तुमच्याकडं माती तपासणारे सायब येऊन राह्यलेत म्हणं. त्यांचा नकाशा येऊ द्या, मंग सुपारी फोडू."

नकाशात मुरूम निघाला तर सोयरीक तर जाणारच, वर सगळ्या पंचक्रोशीत हसू होणार.

साहेब आले. जीप, दोऱ्या, कापडी पिशव्या आणि डोक्याला हॅट. चावडीपुढं त्यांनी समजावून सांगितलं, "पाऊस गेल्यावर जमीन पोटात किती पाणी धरते आणि त्यातलं पिकाच्या मुळांना किती मिळतं, ते आम्ही काढतो. मग नकाशात रंग भरतो. पाणी जास्त तिथं गडद निळा, कमी तिथं पिवळा." एका टेकाडाला एकच खड्डा. त्या खड्ड्यात जे निघेल ती सगळ्या टेकाडाची माती.

साहेब शेजारच्या कचरूच्या वावरात खुणा करत होते, तोवर साहेबराव धापा टाकत पोचले. "सायब, हितं उन्हात कुठं मरता? माझ्या वावरात लिंब हाय, गार सावली हाय. पिठलं-भाकर घेऊन मंडळी निघाली बी." सावलीचं नाव निघालं आणि साहेबांचं सगळं शास्त्र पाघळलं. खड्ड्याची जागा लिंबाखाली गेली.

आता लिंबाखाली काय होतं? पेव होतं. साहेबरावांच्या आजानं ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं, पुरुषभर खोल. पुढं त्यात बैल पडला म्हणून बुजवलं, तेही तळ्याच्या गाळानं. आणि पेव घेतात कुठं? मुरमात. कारण मुरमात ओल टिकत नाही, दाणा सडत नाही. म्हणजे सगळ्या शिवारात पाणी न धरणारी म्हणून आजानं जी जागा हुडकून काढली, तीच नातवानं सरकारला पाण्याची म्हणून दाखवली! काय म्हणावं या माणसाला?

गिरिजाबाई, साहेबरावांची बायको, दुरडी उतरवता उतरवता म्हणाल्या, "आवो, हितं तर पेव..."

"गप! सायबाला ठेचा वाढ."

खड्डा खोल गेला. काळी माती, खाली काळी, आणखी खाली काळीच. साहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "टेकाडावर एवढी खोल काळी? कमाल आहे!" अहो, कमाल आहे तर चार हात पलीकडे दुसरा खड्डा घ्यावा की नाही? नाही घेतला. पिठलं गार होत होतं.

नकाशा आला. अख्खं टेकाड गडद निळं. साहेबरावांचं निळं, त्यांच्या पुण्याईनं कचरूचंही निळं. साहेबरावांनी नक्कल मिळवली, काच लावून ओसरीवर टांगली. सुपारी फुटली, लग्न लागलं, कौसल्या नांदायला आली.

सात-आठ वर्षांनी पाणी अडवायची योजना आली. नाल्याला बांध, वावराला चर. कुठं करायचं ते नकाशा बघून ठरलं. शेजारच्या गावाला बांध मिळाला; यांचा नाला त्याच निळ्या टेकाडाखालून जाणारा, म्हणून यांच्या वाट्याला भोपळा. योजनेवाले म्हणाले, "तुमची माती मुळातच पाणी धरते, तिला बांध कशाला?" तिकडच्या विहिरी भरल्या. इकडं दिवाळी सरली की विहिरी तळाला जायच्या आणि कौसल्या, अंगावर पोर असतानाही, शेजारच्या गावाहून हंडे आणायची. स्पष्ट बोलायचं तर एका माणसाच्या मिशीला पीळ राहावा म्हणून सगळं गाव तहानलं. साहेबरावांना ते कळत नव्हतं असं नाही. सून हंडा उतरवायला लागली की ते तोंड फिरवून बसायचे.

मग योजनेची पुढची कामं ठरवायला नवे साहेब आले. मारुतीच्या पारावर बैठक भरली. साहेब म्हणाले, "नकाशा चुकला असेल तर आज सांगा. मी परत खड्डा घेतो. उद्या कामं पक्की झाली की माझ्या हातात काही राहणार नाही."

नातवाच्या जावळासाठी आलेले रामकिसनराव तिथंच बसले होते. ते म्हणाले, "सोयरे, ह्याच नकाशावर मी पोर दिल्ती. तुमची जमीन येवढं पाणी धरती, तर माझी पोर हंडे का वाहून राह्यली?"

लोक फिदीफिदी हसले. साहेबराव अडकले. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर बांध. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "नकाशा सरकारी हाय. बराबरच असंल."

साहेब उठायला लागले.

"बराबर न्हाई!" बायकांतून गिरिजाबाई ओरडल्या. "खड्डा घेतला तिथं पेव व्हतं!"

पुढं काही सांगावं लागलं नाही. पेव कुठं घेतात हे परतुरातही ठाऊक असतं. रामकिसनराव सावकाश उठले. "सोयरे, डोळ्यात धूळ घालत्यात लोकं. तुम्ही मुरूम घातला."

सगळं गाव टेकाडावर गेलं. साहेबराव पारावरच बसून राहिले, लाज वाटत होती, भयंकर वाटत होती. पण पेव नेमकं कुठवर आहे ते ठाऊक नसल्यानं साहेब पुन्हा लिंबाखालीच दोरी लावतायत हे दिसल्यावर त्यांच्यानं राहवेना. तावातावानं चढून गेले आणि टाचेनं रेघ ओढली. "तिथं न्हाई सायब! पेव हितवर हाय. ह्याच्या पलीकडं खोदा."

वीतभर खाली कुदळ खणकन वाजली. नकाशात टेकाड पिवळं झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात नाल्याला बांध झाला.

आता धाकट्या मच्छिंद्रासाठी पाहुणे यायला लागलेत. साहेबराव सुधारले म्हणता? छे! विहिरीला पाणी आल्यापासून ते ओसरीवर बसून सांगतात, "मुरूम असावा तर असा! उभ्या तालुक्यात न्हाई. आमच्या मुरमापायीच तर गावाला बांध आला."

परवा असंच चाललं होतं. कौसल्या चहा घेऊन आली, तर गिरिजाबाईंनी तिला दारातच थांबवलं. आतून कुदळ आणून पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "पाव्हणं, आधी वावरात जाऊन तुमच्या मर्जीनं कुठंबी खोदून बघा. चहा मंग."