शेवंता आणि वकिलांची काँटेसा

बुधवार, १२ मार्च २०२५. सकाळी साडेसहाला नळाला पाणी. उणकल तळ्यापाशी काँटेसा गाडीचे ब्रेक पुन्हा धरले. पुढच्या दोन्ही चाकांना जळका वास. उतारावरसुद्धा सरकेना. शेवंताला फोन केला.

तिला बोलवायचं नव्हतं. आधी दोन मेकॅनिक झाले. एकाने ब्रेकचे पॅड बदलले, दुसऱ्याने रबरी पाइप. गाडी दोन मैल बरी चाले, मग ब्रेक आपोआप धरू लागत. माझा मुलगा गुरुप्रसाद बेंगळुरूहून म्हणाला होता, "आई, रविवारपर्यंत नीट झाली नाही तर गिऱ्हाईक बघतो."

शेवंता अळणावरकडच्या खेड्यातली. लग्न होऊन गोकुळ रोडला आली, नवरा अप्पाजी याच्या गॅरेजात. तो पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तोवर सगळं काम तिच्या हातात आलं होतं. आमचे हे, वकील सुधींद्र, दर रविवारी गाडी तिच्याकडे नेत. गाडीचं इंग्रजी मॅन्युअल तिला मराठीत समजावून सांगत. मी कॉन्व्हेंटची, ह्यांच्या अर्जांतलं इंग्रजी मी सुधारायची. मॅन्युअलसाठी मात्र मला एकदाही हाक आली नाही. गाडीची चाचणी घेताना ती पुढे, आवाज ऐकायला. मी मागे, भाजीच्या पिशवीशेजारी. वीस वर्षं मी तिचा हेवा केला. हे गेल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी, गाडी शिकले तीही त्याच हेव्यापोटी.

ती स्कूटरवर जॅक घेऊन आली. चाक उचललं.

"अक्का, ब्रेक दाबा. सोडा."

चाक हाताने फिरेना. तिने चाकाजवळचा ब्रेकचा बारका नट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

"प्रेशर आत अडकतंय."

"मग पाइपच असेल. पण तो नवा आहे," मी म्हणाले.

"थांबा की जरा."

नट कसून तिने मला पुन्हा ब्रेक दाबायला लावला. या वेळी बॉनेटखाली, ब्रेकच्या मुख्य पंपाजवळचा जोड सैल केला. चाक तसंच सुटलं.

"म्हणजे पाइप बरा. तेल पंपात परत जाईना." तिने पेडल बोटाने दाबून पाहिलं. "साहेब सांगायचे, पेडल सुरुवातीला जरा ढिलं लागलं पाहिजे. हे तर ताठ. पेडलमागच्या दांड्याला कुणी हात लावला काय? नसेल तर पंप गेला. सामान यायला आठ दिवस."

आठ दिवस म्हणजे रविवार गेला, गाडी गेली. डायरीत सात जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'पेडल फार खोल, पाय पोचत नाही. कोप्पीकर रोडच्या माणसाकडून वर घेतलं.' तरी तिच्यासमोर ते बोलणं गाडी देण्याहून जड वाटलं.

"मीच सांगितलं होतं," शेवटी म्हणाले. "पाय पोचेना."

"अय्यो अक्का! सीट पुढे ओढायची सोडून ब्रेक वर घेतला?"

ती खळखळून हसली. मग तिचं लक्ष सीटकडे गेलं. सहा फुटी माणसाच्या मापाने ती मागे होती. ह्यांनी सोडली, त्याच खाचेत.

"साहेबांची जागा होय," ती हळूच म्हणाली.

तिला ते न सांगता कळलं, याचाच मला जास्त राग आला.

पंपावर कायम टेकलेला दांडा तिने दोन फेरे आत घेतला, पाइपांतली हवा काढली. "आता पेडल खोल जाईल बरं का."

ती सीटकडे वाकली. "राहू दे," मी म्हणाले. सीटखालची कडी मीच उचलली आणि सीट चार खाचा पुढे घेतली.

शेवंता सवयीने शेजारी बसली. नवलूरपर्यंत गेलो. उतरून तिने चाकाला हात लावला. "कोमट. एवढं पाहिजेच."

मीही लावून पाहिला. गुरुप्रसादला तिथूनच फोन केला: गिऱ्हाईक नको.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: गॅसचा सिलिंडर बदलला. आधीचा त्रेचाळीस दिवस पुरला.